सहा टक्क्यांचं कोडं: शिक्षणावर आपण खरंच कमी खर्च करतो का?

अर्थसंकल्पाच्या दिवसांत आमच्या डेअरीवर रोज संध्याकाळी एक तरी वाद होतोच. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं आमचं गाव. दूध घालून झालं की माणसं किटल्या घेऊन तिथंच रेंगाळतात. परवा कुणीतरी मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला: ‘जग शिक्षणावर सहा टक्के खर्च करतं, आपण फक्त अडीच.’ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं एक पोरगं लगेच म्हणालं, “अडीच नाही आबा, साडेचार आहे. युनेस्कोचा आकडा आहे.” त्यावर निवृत्त गुरुजी म्हणाले, “आर्थिक पाहणी अहवालात दोन पूर्णांक नऊ छापलंय. मी स्वतः वाचलंय.” वाद मिटला नाही. डेअरीचा काटा बंद झाला तशी माणसं उठली.

घरी येऊन मी आकडे काढून बसलो. मी गावच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळे शाळेचा हिशोब थोडाफार डोळ्यांखालून जातो. गंमत म्हणजे आपल्या देशाच्या आकड्यापुरतं तिघांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.

टक्का कशाचा, हे आधी विचारा

पहिला आकडा अडीच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला सुमारे १ लाख २८ हजार कोटी रुपये मिळाले आणि एकूण अर्थसंकल्प होता सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा. भागाकार केला की अडीच टक्के येतात. पण हा झाला दिल्लीच्या थैलीतला वाटा. शिक्षणाचा बराचसा खर्च राज्यं करतात. आपल्या गुरुजींचा पगार दिल्लीहून येत नाही, तो मुंबईहून झेडपीमार्गे येतो. त्यामुळे अडीच टक्के हा देशाचा शिक्षणखर्च समजणं म्हणजे थोरल्या भावानं भरलेली फी तेवढी मोजायची आणि वडिलांनी भरलेली विसरायची.

बाकीचे दोन आकडे जीडीपीच्या टक्क्यात आहेत. जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या मालाची आणि सेवांची किंमत: ऊस, हळद, बेदाणा, सॉफ्टवेअर, न्हाव्याची कटिंग, सगळं आलं. यापुढे मी त्याला नुसतं ‘देशाचं उत्पन्न’ म्हणतो. २०२४-२५ साली ते साधारण ३३० लाख कोटी रुपये होतं.

गुरुजींचा २.९ हा केंद्र आणि राज्यांनी मिळून ‘शिक्षण’ या खात्याखाली दाखवलेला खर्च. अलीकडच्या आर्थिक पाहणी अहवालांत तो पावणेतीन ते तीन टक्क्यांच्या दरम्यान दिसतो. पोराचा साडेचार मोजताना इतर खात्यांचा शिक्षणावरचा खर्चही धरलेला असतो. आदिवासी विभागाच्या आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहं, कृषी विद्यापीठं असं बरंच काही त्यात येतं. मोजायच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा चार आणि साडेचारच्या मध्ये कुठंतरी असतो. परदेशाशी तुलना करताना हाच मोठा आकडा घेणं रास्त, कारण त्यांच्याकडेही असंच सगळं धरतात.

सहा कुठून आला?

सहाचा आकडा कुणी हवेत काढलेला नाही. १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. किती मुलं शाळेत येतील, किती शिक्षक लागतील, पगार किती द्यावे लागतील असा हिशोब मांडून आयोगानं सांगितलं की १९६५-६६ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या २.९ टक्के खर्च होतोय, तो १९८५-८६ पर्यंत सहा टक्क्यांवर न्या. १९६८ च्या शैक्षणिक धोरणानं ते मान्य केलं. १९८६ च्या धोरणानं पुन्हा म्हटलं. २०२० च्या धोरणानंही म्हटलं. साठ वर्षांत तीन धोरणं आली आणि आकडा तोच राहिला. दरवर्षी ग्रामसभेत मंजूर होणाऱ्या आणि तरीही न होणाऱ्या रस्त्यासारखं झालंय हे.

‘जग सहा टक्के खर्च करतं’ हे मात्र खरं नाही. २०१५ साली दक्षिण कोरियातल्या इंचॉन इथं देशांनी मिळून जे ठरवलं ते असं: उत्पन्नाच्या चार ते सहा टक्के, किंवा सरकारी खर्चाच्या पंधरा ते वीस टक्के. स्वीडनसारखे देश सहाच्या वर जातात. जपानचा सरकारी खर्च साडेतीनच्या आसपास असतो. चीननं १९९३ साली चार टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं आणि ते गाठायला त्यांना २०१२ साल उजाडलं. साडेचार धरले तर आपण जगाच्या पंगतीत अगदी शेवटी बसलेलो नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आपल्यापेक्षा कमी टक्का देतात.

मग सगळं आलबेल आहे का? नाही. घोळ पुढं आहे.

फॅट आणि लिटर

डेअरीवरचंच उदाहरण घेऊ. एकाची म्हैस तीन लिटर दूध देते, फॅट सात. दुसऱ्याची गाय बारा लिटर देते, फॅट साडेतीन. फॅटच्या आकड्यात म्हैसवाला दुप्पट पुढे. पण स्निग्धांश मोजला तर म्हशीच्या दुधात तो सुमारे दोनशे ग्रॅम निघतो आणि गाईच्या दुधात चारशे. आता असं समजा की म्हैसवाल्याच्या घरात सहा पोरं आहेत आणि गाईवाल्याच्या घरात तीन. कुणाच्या पोराच्या ताटात किती तूप पडेल?

टक्का म्हणजे फॅट, देशाचं उत्पन्न म्हणजे लिटर आणि शाळकरी मुलं म्हणजे घरातली पोरं. जपानमध्ये दर शंभर माणसांत पंधरा वर्षांखालची मुलं बाराच्या आतबाहेर आहेत. आपल्याकडे चोवीस-पंचवीस. म्हणजे टक्का सारखा असला तरी आपल्या मुलाच्या वाट्याला निम्मंच येणार, तेही कमी लिटरमधलं.

हेच देशात राज्याराज्यांमध्येही दिसतं. बिहार आपल्या उत्पन्नातला महाराष्ट्रापेक्षा मोठा हिस्सा शिक्षणाला देतो, तरी बिहारच्या मुलामागे रुपये कमीच पडतात. उलट महाराष्ट्र टक्क्यात मागे आहे, पण त्याचं उत्पन्नच मोठं आहे. आपण त्यावर खूश व्हावं का? मला नाही वाटत. ज्याची गाय बारा लिटर देते त्यानं पोरांना तूप देताना हात आखडता घेऊ नये.

मी ढोबळ हिशोब केला. साडेचार टक्के म्हणजे जवळपास पंधरा लाख कोटी. शाळेत सुमारे २४ कोटी ७० लाख मुलं, कॉलेजात चार कोटींच्या वर, मिळून २९ कोटी. भागाकार ५० हजारांच्या थोडा वर जातो. २.९ टक्के धरले तर ३३ हजार. या भागाकारात एक पळवाट आहे, तीही सांगतो. शाळकरी मुलांतली दहातली जवळपास चार विनाअनुदानित खासगी शाळेत जातात. सरकार त्यांच्यावर फारसा खर्च करत नाही, म्हणून सरकारी शाळेतल्या मुलाचा खरा आकडा याहून वर सरकतो.

श्रीमंत देशांचा आकडा डॉलरमध्ये असतो आणि डॉलरला नुसत्या बाजारभावानं गुणणं फसवं असतं. सांगलीत शंभर रुपयांत केस कापून होतात, न्यूयॉर्कमध्ये तेवढ्या पैशात खुर्चीवरही बसू देणार नाहीत. म्हणून अर्थतज्ज्ञ दोन्हीकडच्या किमती बघून डॉलर लावतात. याला क्रयशक्तीचा हिशोब म्हणतात. त्या हिशोबानं आपले ५० हजार म्हणजे अडीच हजार डॉलरच्या आसपास. श्रीमंत देशांची सरासरी बारा हजारांच्या पुढे आहे. म्हणजे जवळपास पाचपट.

“पण ते श्रीमंत आहेत, आपण गरीब”

बरोबर. कॅनडातल्या शिक्षकाला कॅनडातल्या महागाईत जगायचंय. म्हणून आणखी एक माप लावून बघू: एका मुलावरचा खर्च देशातल्या सरासरी माणसाच्या उत्पन्नाच्या किती हिस्सा? श्रीमंत देशांत तो साधारण पाव किंवा थोडा जास्त असतो. आपलं डोईमागचं उत्पन्न सव्वादोन लाखांच्या जरा वर आहे. ५० हजार धरले तर हिस्सा पावाच्या जवळ जातो, ३३ हजार धरले तर चौदा टक्क्यांवर घसरतो.

हे वाचून मलाच जरा धक्का बसला. मोठ्या मनानं मोजलं तर ऐपतीच्या मानानं आपण फार कंजूष नाही. आपली तूट सगळ्यात ठळक दिसते ती ताटात प्रत्यक्ष किती पडतं ते मोजल्यावर. आणि मूल ऐपतीच्या मानानं शिकत नाही. त्याला बाक लागतो, छप्पर लागतं, पुस्तक लागतं.

“मग द्या की सहा टक्के, अडवलंय कुणी?”

अडवलंय करवसुलीनं. केंद्र आणि सगळ्या राज्यांचा कर मिळून देशाच्या उत्पन्नाच्या साधारण अठरा टक्के होतो. श्रीमंत देशांची सरासरी चौतीसच्या आसपास आहे. त्यांनी सहा टक्के शिक्षणाला दिले तर कराच्या दर सहा रुपयांतला एक गेला. आपण दिले तर दर तीन रुपयांतला एक. मग दवाखाने, लष्कर, रस्ते, धरणं, पगार आणि जुन्या कर्जाचं व्याज उरलेल्या दोन रुपयांत. कर्ज काढून सरकार खर्च वाढवतं, पण तेही फेडावं लागतं.

सरकारी खर्चातल्या वाट्याच्या मापानं बघितलं तर आपण पंधरा टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभे आहोत. व्हिएतनामनं वीस टक्क्यांचा कायदाच केलाय. आपल्याला अठरापर्यंत जाता येईल का, हा सहा टक्क्यांपेक्षा जास्त कामाचा प्रश्न आहे, पण त्याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

जाता जाता उपकराचंही सांगतो. प्राप्तिकरावर शिक्षणाचा उपकर २००४ पासून आहे. २०१८ पासून तो आरोग्यासह चार टक्के झाला. नेहमीच्या करातला वाटा राज्यांना मिळतो, उपकरातला मिळत नाही. शाळांचा मुख्य खर्च राज्यांच्या गळ्यात आणि शिक्षणाच्या नावाचा उपकर दिल्लीत, अशी ही वाटणी आहे.

“पैसा ओतून मुलं शिकतात थोडीच!”

हा आक्षेप आपल्या भागात साखर कारखान्याच्या भाषेत नीट कळतो. गाळप किती झालं ते एक आणि उतारा किती पडला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली, ते दुसरं. दहा लाख टन गाळून उतारा नऊचा पडला तर अध्यक्षांना सभासद वार्षिक सभेत बोलू देत नाहीत.

दक्षिण आफ्रिका उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या घरात खर्च करते. पण २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तिथली चौथीतली ८१ टक्के मुलं वाचलेल्याचा अर्थ लावू शकली नाहीत. मोठं गाळप, पडका उतारा. उलट व्हिएतनाम. २०१२ साली पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या जागतिक चाचणीत गणितात त्यांना ५११ गुण मिळाले, अमेरिकेला ४८१. अमेरिका एका मुलावर त्यांच्या कितीतरी पट खर्च करते. आणि आपण? या चाचणीच्या २००९ च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशनं भाग घेतला. ७४ जागांच्या यादीत ते ७२ आणि ७३ वर आले. त्यानंतर भारतानं ती परीक्षा देणंच सोडलं. नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक लपवणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो?

तेव्हा पैसा टाकला की उतारा आपोआप वाढत नाही, हे मान्य. पण उसाला पाणीच नसेल तर उताऱ्याची चर्चा कशाची करायची? एका मर्यादेपर्यंत पैसा लागतोच. त्यापुढे तो कुठं जातो हे महत्त्वाचं. आपण ती मर्यादा ओलांडलीय असं मला आमच्या शाळेकडे बघून तरी वाटत नाही.

पंचवीस हजारांची शाळा

आता जवळून बघू. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यात लाइटबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं आणि दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आमचा पट ४७ आहे. भागिले तर एका मुलामागे वर्षाला ५३२ रुपये.

गेल्या वर्षी ही रक्कम मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यावर दिसली. खातं झीरो बॅलन्सचं असतं, म्हणजे त्यात पैसे नसतात, खर्चाची मर्यादा तेवढी दिसते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर मर्यादा संपली. पाण्याची मोटार जळाली होती ऑक्टोबरात. तेव्हा आम्ही गणपतीच्या वर्गणीतले उरलेले ४८०० घालून ती भरून आणली होती. त्याआधीचे बारा दिवस मुली स्वच्छतागृहासाठी घरी पळत होत्या आणि त्यातल्या तीन-चार दुपारच्या परत येत नव्हत्या. मार्चमध्ये पैसे आले तेव्हा घाईघाईत दोन कपाटं घेतली. एकात गेल्या वर्षीचं कपाटाचं कोटेशन आहे.

खिचडीचं बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यासाठी मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेत. तांदूळ वेगळा येतो. डेअरीसमोरच्या टपरीवर कटिंग चहा दहाला आहे.

“सगळा पैसा पगारातच जातो ना?”

हो, बहुतेक सगळा. आणि इथं गोष्ट सरळ नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षक आहेत. गुरुजींची सेवा अठरा वर्षांची, महिन्याला सत्तर हजारांच्या पुढे पगार. वर्षाचा हिशोब केला तर देशातल्या सरासरी माणसाच्या उत्पन्नाच्या साडेतिप्पटीच्या पुढे. श्रीमंत देशांत हे प्रमाण साधारण सव्वापटीच्या आसपास असतं. शेजारच्या वर्गात मॅडम आहेत, शिक्षणसेवक. त्यांना १६ हजार मानधन. म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार, देशाच्या सरासरीपेक्षाही कमी. एकाच व्हरांड्यात दोन देश.

गुरुजींचा पगार कमी करा असं मी म्हणत नाही. ते चांगले शिकवतात आणि चांगली माणसं या पेशात यायची तर पगार लागतोच. पण आकड्यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही. आपल्या एका शिक्षकाची किंमत उत्पन्नाच्या मानानं जास्त, म्हणून त्याच टक्क्यात आपल्याला शिक्षक कमी मिळतात, आणि पगार वजा जाता वर्गात पोचणारा रुपया तर फारच बारीक होतो. उद्या टक्का साडेचारचा पाच झाला आणि तो अर्धा टक्का नव्या वेतन आयोगातच गेला, तर आमच्या ५३२ मध्ये काही फरक पडणार नाही.

“पटच नाही, मग शाळा कशाला?”

वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा महाराष्ट्रात आहेत. तिथं एका मुलामागचा खर्च साहजिकच चढतो आणि मंत्रालयातून बघणाऱ्याला तो उधळपट्टी वाटतो. जतच्या एखाद्या वस्तीवरून किंवा पाटणच्या डोंगरातून बघितलं तर वेगळं दिसतं. भरलेल्या एसटीला जेवढा खर्च येतो तेवढाच तीन प्रवाशांच्या एसटीलाही येतो, म्हणून एसटी बंद करायची का? सहा वर्षांची पोरगी चार किलोमीटर चालत जाणार नाही. शाळा एकत्र करून वाचलेला पैसा गाडी देण्यात गेला पाहिजे. ती गाडी पावसाळ्यात येते का, एवढंच विचारायचं.

उरलेलं कोण भरतं?

सरकारचा खर्च कमी पडतो म्हणजे खर्च होतच नाही असं नाही. तो घरातून होतो. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे घरचा वर्षाचा खर्च २,८६३ रुपये निघाला, बाकीच्या शाळांत २५,००२. दर चारांतलं एकाहून जास्त मूल शिकवणीला जातं. हा पैसा सहा टक्क्यांच्या हिशोबात कुठंच नाही. तो इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमधून रोज सकाळी आमच्या दारावरून जातो.

आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांना हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. पाच वर्षांनी ती साताऱ्यात आली. बोर्डिंगच्या पोरांसाठी मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण सरकारनं करायचं ते रयतेला करावं लागलं, हीसुद्धा तीच गोष्ट. त्याच्या आधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी शेतकऱ्यांकडून येतो आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च होत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. आज आयकर न भरणारा शेतकरीसुद्धा द्राक्षबागेच्या औषधावर जीएसटी भरतो.

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर पुन्हा तो सहा टक्क्यांचा मेसेज आला. मी खाली एकच आकडा टाकला: ५३२. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या स्पर्धा परीक्षेवाल्या पोरानं विचारलं, “काका, हा कुठल्या देशाचा?”